चेरीतली खिडकी

हुइयाने ठरवलं ते ठरवलं. अंतिम फेरीत ती पडद्यावर नुसते आलेख दाखवणार नव्हती, यंत्रच मांडणार होती.

प्रकाशशास्त्रातल्या उत्तम प्रबंधाला दरवर्षी डिसेंबरात एक पुरस्कार मिळतो. त्यासाठी निवडलेल्या तिघांना परीक्षकांसमोर उभं राहून आपलं काम समजावून सांगावं लागतं. यंदा सभा न्यूझीलंडमधल्या डनीडनलाच होती, म्हणजे हुइयाच्या अंगणातच. तिचे मार्गदर्शक फर्गस तिला आठवडाभर समजावत होते. "प्रयोग आणि मांजर पाहुण्यांसमोर कधी सांगितलेलं ऐकत नाहीत. आलेख दाखव आणि मोकळी हो."

पण आलेखांनी भागणार नव्हतं. प्रबंध तपासणाऱ्या एकाने शेऱ्यात लिहिलं होतं की, हे यंत्र उजेडात चालतं हे फक्त कागदावर दिसतं. तो शेरा परीक्षकांपुढेही गेला होता. तो पुसला गेला नाही तर पुरस्कार गेलाच, आणि त्याहून वाईट म्हणजे कुठलाही बागवाला ते यंत्र दारात उभं करणार नव्हता.

यंत्र होतं चेरीसाठी. हुइयाची आई, पानिया, क्रॉमवेल गावच्या पॅकिंग शेडमध्ये चेऱ्या निवडायच्या पट्ट्यावर काम करायची. काही चेऱ्या वरून टवटवीत असतात, पण आत बियांपाशी चिरलेल्या. अशी एक जरी खोक्यात गेली तरी वाटेत कुजते आणि शेजारणींनाही घेऊन बुडते. हुइयाने डोळ्यांना न दिसणारा लेझरचा बारीक झोत चेरीच्या आरपार सोडला. फळ आत चिरलेलं असेल तर उजेड त्या चिरेवर आपटून विखुरतो आणि पलीकडे कमी पोचतो. पलीकडे कमी पोचला की लाल दिवा, पुरेसा पोचला की हिरवा.

अंधाऱ्या खोलीत हे लवकरच जमलं होतं. पानियाने ते बघितलं, कौतुक केलं आणि म्हणाली, "छान आहे गं पोरी. पण आमच्या शेडमध्ये दिवे असतात."

या एका वाक्यापायी हुइयाची पुढची वर्षं गेली. शेवटी तिने झोताला एक ताल दिला, लुकलुक लुकलुक असा, आणि पलीकडच्या संवेदकाला फक्त तोच ताल ओळखायला शिकवलं. बाजाराच्या गलक्यातही लेकराला आपल्या आईची हाक बरोबर ऐकू येते, तसंच हे.

सभागृहाच्या खिडक्या मोठ्या होत्या आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. हुइयाने सवयीने हातातली अंगठी काढून खिशात टाकली, कारण लेझरपाशी चकाकणारं काही चालत नाही. चेऱ्यांचा खोका उघडून तिने पहिली चेरी यंत्रात बसवली. लाल दिवा. मुख्य परीक्षक प्राध्यापक हारग्रीव्ह बाईंनी चेरी सुरीने कापली. आत सगळं धडधाकट.

दुसरी चेरी. पुन्हा लाल दिवा, पुन्हा आत धडधाकट.

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. पानिया तिथेच बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. फर्गस लगबगीने खिडकीकडे निघाले.

"फर्गस, पडदे राहू द्या," हुइया म्हणाली.

ती घाबरली नव्हती. यंत्र हट्टाला पेटलं की काय करायचं हे तिच्या हातांना पाठ होतं. आधी झोत अडवायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं. तिने तळहात झोताच्या आड धरला. संवेदकाचा काटा शून्यावर आला. खिडकीचा उजेड आत घुसत असता तर काहीतरी उरलं असतं. काहीच उरलं नाही, म्हणजे उजेड निर्दोष. मग तिने झोत दाखवणारं कार्ड पुढे धरलं. ठिपका जिथे हवा तिथेच चमकला, म्हणजे आरसेही जागच्या जागी होते. आता उरली चेरी.

तिने पुढची चेरी देठाला धरून उचलली आणि भिंगासारखी उजेडासमोर फिरवली. भिंग बसवण्याआधी त्यात खिडकी बघायची, ही प्रयोगशाळेतली पहिली शिकवण. भिंग स्वच्छ असेल तर खिडकीचं इवलंसं चौकोनी चित्र त्यात लख्ख दिसतं. चेरीतही ते दिसायला हवं होतं. दिसत होता नुसता धुरकट पांढुरका डाग. तिने फळाला बोट लावलं. थंडगार.

"या चेऱ्या कुठे होत्या?"

फर्गस तिथेच थबकले. "चहाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये. ताज्या राहाव्यात म्हणून सकाळी मीच ठेवल्या."

सगळे हसले. हुइयाही हसली. थंड फळावर गर्दीतल्या गरम हवेचं दव धरलं होतं आणि झोत आत शिरायच्या आधीच त्या थेंबांवर विखुरत होता. तिने भिंगं पुसायचा मऊ कागद घेतला आणि चेरीवरून एकाच दिशेने हलकेच ओढला. तो टाकून दुसरा घेतला, कारण एकदा वापरलेला कागद भिंगाला पुन्हा लावायचा नसतो. फळावर खिडकी उमटली, मधल्या चौकटीसकट. पुन्हा दव धरायच्या आत तिने ती चेरी बसवली. हिरवा दिवा. पुढची पुसली, बसवली. लाल. बाईंनी ती कापली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली. बियांपाशी काळपट चीर होती. त्यानंतर यंत्र एकदाही चुकलं नाही.

"हे दव तुझ्या प्रबंधात आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. प्रबंधात उजेडाचं उत्तर आहे, पाण्याचं नाही. चेरी आणि शेड दोन्ही सारखीच थंड असतील तर दव धरत नाही. जिथे धरेल तिथे हे यंत्र चुकेल. ते तुम्ही आत्ताच पाहिलंत."

"आणि पडदे का ओढू दिले नाहीस?"

"ओढले असते तरी लाल दिवाच लागला असता. मग मी उगाच उजेडाशी भांडत बसले असते."

बाईंनी समोरचा शेऱ्याचा कागद उलटा ठेवला.

संध्याकाळी नाव पुकारलं गेलं ते हुइयाचंच. टाळ्या थांबल्यावर तिने फर्गसना प्रयोगशाळेच्या नियमाची आठवण करून दिली. जो आरसा हलवेल त्याने सगळ्यांसाठी चीज रोल, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पावाच्या गुंडाळ्या, आणायचे.

"मी आरशाला हातही लावला नाही," फर्गस म्हणाले.

"चेऱ्या हलवल्यात."

"नियमात चेऱ्या नाहीत."

"आजपासून आहेत," हुइया म्हणाली, आणि फर्गसनी हात वर केले. वर लोणी जास्त लावायचं की नाही एवढंच त्यांनी विचारलं.

पानियाने खोक्यातली उरलेली एक चेरी उचलली. खिडकीकडे तोंड करून ती फळ बोटांत फिरवत राहिली. हवं ते दिसल्यावर तिने चेरी तोंडात टाकली.