साखराबाई सरपंचांची खुर्ची

अगं बाई, आज मला गप्प बसवतच नाही! मी खुर्ची बोलतेय, निलंग्याजवळच्या एका ग्रामपंचायतीतली. लातूरच्या कारखान्यात जन्मले, टेम्पोतून हिंदकळत इथं आले. काळं रेक्झिन, पाच चाकं, रुबाब बघा नुसता!

गावानं साखराबाईंना सरपंच निवडलं. पण दोन वर्षं माझ्यात बसलं कोण? त्यांचे मालक शेषेराव! तेही ऐसपैस, मांडी घालून. बाई कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दाखवतील तिथं सही करत. इकडं ही रीतच हाय म्हणे. मला मेलीला लाज वाटायची.

त्यांची लेक वर्षाराणी बी.ए.ला. पंखा आमच्या पंचायतीत, म्हणून परीक्षेचा अभ्यासही आमच्याकडंच, आणि तोही मोठ्यानं. "रूसो म्हणतो, सत्ता लोकांची. लॉक म्हणतो, लोकांच्या संमतीशिवाय कुणाचं राज्य खरं नाही."

"हे कोन्या तालुक्याचे?" शेषेरावांनी विचारलं.

बाई मात्र हळूच म्हणाल्या, "ते संमतीचं परत वाच गं." लेकीनं तीनदा वाचलं.

परवा ग्रामसभा भरली. पाण्याची नवी पाइपलाइन आधी कुठं न्यायची, हा सवाल. टेकाडावरच्या वस्तीतल्या बाया रोज लांबून घागरी वाहतात. पाणी आणीन, असा शब्द बाईंनी त्यांना दिलेला. शेषेराव माझ्यात रेलून म्हणाले, "आधी आमची गल्ली. लिहा ठराव."

"अहो, उठा जरा," साखराबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"मला बसायचंय. लोकायनं बटन माझ्या नावाचं दाबलंय."

"घरी बोलू!"

"घरचं घरी बोलू. हितं सरपंच मी हाय."

मग वस्तीतली कस्तुराबाई ओरडली, "उठा की दाजी!" आणि असा हशा पिकला की विचारू नका. शेषेराव लालबुंद होऊन उठले. बाई बसल्या. पाय टेकेनात, म्हणून त्यांनी टेबलाला रेटा दिला, तशी मी गर्रकन अख्खा फेरा फिरले! बाई खुदकन हसल्या, मी तर हरखूनच गेले. ठराव वस्तीच्या नावानं झाला.

कोपऱ्यातून शेषेरावांनी हात वर केला. "सरपंचबाई, आमच्या गल्लीचं काय?"

"अर्ज करा," बाई म्हणाल्या. "वाचून सांगते."

आता माझ्यावर बाईंच्या घरची उशी आहे. बायांनो, कुठंही निवडून आलात तर एवढं माझं ऐका. मालकांना उठवायला एकदाच जीव घाबरतो. मग बसा बिनधास्त!