उद्घाटनाचं बटण

पोपटराव चेअरमनांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं म्हणाल, तर शून्य. पण उद्घाटन म्हणलं की माणूस सगळ्यात पुढं. कासुर्डीजवळच्या आमच्या वाडीत बोअरचं उद्घाटन त्यांच्याच हातनं, स्मशानातल्या शेडचंही त्यांच्याच. तिथं आधी आडवं व्हायचं तेवढं राहिलंय.

दोन हजार चारची गोष्ट. माझे सासरे रखमाजी आप्पा, सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. कुठल्या वाटंनं कोकणात उतरायचं, कुठं पाण्याची नड, कोणता पाला कोणत्या आजारावर, सगळं तोंडपाठ. लिहिता मात्र येत न्हाई. म्हणून दोन वर्षं ते सांगत गेले आन् मी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर टाइप करत गेले. तीनशे पानं भरली. मग आप्पांना अर्धांगवायू झाला आन् वाचा गेली. आता त्यांचं जे काय होतं ते त्या मशीनमधी. फ्लॉप्यांवर पण ठेवलं होतं, त्यांना बुरशी आली.

पुढं विजेच्या झटक्यानं मशीन जळालं. हार्डडिस्क तेवढी वाचली. चेअरमनांनी वाचनालयाला नवं मशीन आणलं, ते पण डिस्कशिवाय! "जुनी हाय की चांगली. तीच बसवा." बसवणार कोण, तर त्यांचा पुतण्या विश्वजीत, पुण्यात पंधरा दिवसांचा कोर्स करून आलेला. त्यानं जुनी डिस्क नव्या डब्यात लावली. चालू केलं की निळा पडदा. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा.

"अरे, मशीनच बदललंय. जुनं विंडोज कसं चालंल?" मी म्हणलं. "आधी डिस्क दौंडच्या दुकानात नेऊ, दुसऱ्या मशीनला लावून पुस्तकाची सीडी काढू. मग घाल काय घालायचं ते."

"वैनी, वरनं नवं विंडोज टाकतो. आतलं कुठं जात न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"कोर्समधी."

चेअरमन म्हणाले, "सुषमा, अकराचा मुहूर्त हाय, पेपरवाले यायचेत. दौंडला उद्या जा."

चेअरमनांना टायपिंग येत न्हाई. म्हणून ह्या दीडशहाण्यानं, एकच बटण दाबावं लागंल अशा जागी मशीन थांबवून ठेवलं. मी तवा आप्पांना आणायला घरी गेले होते. आलो तसं आप्पांना स्टेजवर बसवून शाल घातली. मशीनला हार, कीबोर्डला हळद-कुंकू, एंटरच्या बटणावर झेंडूचं फूल! मी खालनं पडदा वाचला. इंग्रजीत सरळ लिहिलं होतं, डिस्क फॉरमॅट करायला एंटर दाबा. स्टेजवर बारा पुढारी. एकालाही ते वाचावंसं वाटलं न्हाई.

"थांबा! सगळं पुसून जाईल!" मी वरडले.

"सुनांनी मुहूर्ताला मोडता घालू नये," मागनं कुणीतरी बोललं.

चेअरमनांनी फोटोवाल्याकडं बघत बोट टेकवलं. हलगी वाजली. पडद्यावर पिवळी पट्टी सरकायला लागली तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गर्दी सारत वर पोचले तवर पट्टी भरून गेली होती आन् नवं विंडोज त्या डिस्कवर चढत होतं.

"रडतीस काय? पुन्हा टाइप कर," चेअरमन म्हणाले. "आप्पा हायेत की सांगायला."

जनाची न्हाई ती न्हाई, मनाची तरी असावी! आप्पा हातभर अंतरावर बसलेले. त्यांची वाचा गेलीय हे आत्ताच ह्याच माणसानं माइकवर सांगून हळहळ केली होती.

मी आप्पांपुढं बसले. खोटं बोलवलं न्हाई. "आप्पा, गेलं. सगळं पुसलं."

त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चालत्या डाव्या हातानं अंगावरची शाल ओढून काढली, माझ्या आधारानं उठले आन् ती मशीनवर पांघरली. वरनं खालपर्यंत, तोंड झाकून.

चेअरमनांना वाटलं, आप्पांनी मशीनचा सत्कार केला. त्यांनी माइकवरनं पुन्हा टाळ्या वाजवायला सांगितल्या, आन् लोकांनी वाजवल्या.