मोघ्यांच्या घराची रजिस्ट्री

मित्रांनो, मी एक जुनं घर आहे. भोपाळमधल्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपला लागून मला सदाशिव मोघे नावाच्या फिटरने बांधलं. पुढच्या दोन खोल्यांमध्ये त्यांनी मुद्दाम भिंत घातली नाही, कारण चैत्रात तिथे रामनवमीचं कीर्तन करायचं होतं. त्यांचा थोरला मुलगा भालचंद्र तबला वाजवी, धाकटा हेमंत पेटी, मुलगी मंगला झांजा. कीर्तन रंगलं की माझ्या विटांनासुद्धा डोलावंसं वाटे.

आईवडील गेले आणि त्यांची सेवा कुणी जास्त केली यावरून भावंडांचं फाटलं. मला कुलूप लागलं. माझ्या गच्चीवर पिंपळ उगवला.

मला विकायला तिघेही तयार होते, पण रजिस्ट्रीला, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीला, एकत्र यायला कुणीच तयार नव्हतं. भालचंद्र मंगलाला फोनवर म्हणे, तुझ्या भावाला सांग आधी सही करायला. हेमंतही तेच म्हणे. शेवटी मंगला वैतागली, मी तुमची डाकिया नाही म्हणाली आणि तिनेही फोन उचलणं सोडलं.

घेणाऱ्या होत्या लीलावतीकाकू, कारखान्यात नकाशे काढणाऱ्या. निवृत्ती आली होती, महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. दुसरी घरं त्यांनी पाहिली. पण चैत्रातली कीर्तनं त्यांनी माझ्याच फरशीवर बसून ऐकली होती. त्यांचा जीव माझ्यात अडकला होता.

त्यांनी किल्ली मागून घेतली, मला झाडून काढलं आणि मोघेकाकांच्या स्मरणार्थ कीर्तन ठरवलं. भालचंद्रला कळवलं, तबल्याला कुणी नाही. हेमंतला कळवलं, पेटीला कुणी नाही. दोन्ही खरंच होतं. झांजांसाठी मंगलालाही बोलावलं.

भालचंद्र आत आला तेव्हा हेमंत पेटी उघडून बसलेला. भालचंद्र मागे वळला, पण दारापर्यंत माणसं बसली होती आणि बुवा उपरणं सावरत उभे होते. भरल्या सभेतून उठायचं नाही, हे वडिलांनीच शिकवलेलं. तो बसला आणि पेटीचा सूर न मागता अंदाजानेच तबला लावायला हातोडी मारू लागला. तबला काही लागेना. बुवा डोळे मिटून थांबलेले. सगळी सभा थांबलेली.

अखेर खाली मान घालून तो म्हणाला, "हेमंत, काळी एक दे."

हेमंतने पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. "दादा, अजून थोडा उतरलाय. चढव."

तबला लागला. मंगलाने डोळे पुसत झांजा उचलल्या. मित्रांनो, त्या दिवशी असा गजर झाला की टाउनशिपचे लोक भिंतीपलीकडे उभे राहून ऐकत होते!

आरती झाली. बुक्का लावलेल्या कपाळाने मंगला म्हणाली, "काकू, सोमवारी रजिस्ट्री. आम्ही तिघं एकाच रिक्षाने येऊ."

आणि आले. आता मी लीलावतीकाकूंचं आहे, आणि चैत्रात मोघ्यांची तिन्ही भावंडं माझ्याकडे हक्काने येतात.

मित्रांनो, घराला रंग लावा, गच्चीवरचा पाला काढा, हे तर कराच. पण कुठे असं कुलूप दिसलं, तर तिथल्या माणसांना एकदा बोलवा. सतरंजी घाला, चहा ठेवा, देवाचं नाव घ्या. पुढचं आम्ही घरं बघून घेतो.