ढगीचा जादा घास

डॉक्टरांनी यंत्रानं गाभण मेंढ्यांची पोटं तपासली आणि ज्यांच्या पोटात जुळं, त्यांच्या पाठीवर निळा ठिपका मारला. ठिपकेवाल्या वेगळ्या कप्प्यात, त्यांना भरड आणि पेंड जादा. एकुलतं कोकरू असलेल्यांना बेतानं. कळप सांभाळणाऱ्या वहिनीला हे कुणी शिकवायला नको होतं. लोकर खोटं बोलते, म्हणायची ती, आणि बोटं लोकरीत खुपसून पाठीचा कणा चाचपायची. टोचला तर मूठभर वाढव, नाही टोचला तर हात आवर.

पण ढगी मेंढीची गोष्ट वेगळी. तिला वहिनीच्या लेकीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. लेक आता नवऱ्याच्या नोकरीपायी मुलखापार गेलेली, आणि तिलाही दिवस राहिलेले. काही गोड लागत नाही गं आई, तुझ्या हातचं असतं तर दोन घास गेले असते, असं फोनवर म्हणायची. वहिनीला वाटायचं, उठावं आणि जावं. पण मेंढ्या विण्याच्या दिवसांत कळप टाकून जायचं कसं?

एका सकाळी तिनं ढगीला ठिपकेवाल्यांत नेऊन घातलं. डॉक्टरांनी तर तिच्या पोटात एकच सांगितलेलं.

"हिचा ठिपका पावसात धुऊन गेला वाटतं," दीर म्हणाला.

वाळलीय बिचारी, म्हणून वहिनीनं वेळ मारून नेली. ढगीच्या पाठीवर हात मात्र एकदाही ठेवला नाही. ढगीचं तोंड चालायचं, आणि इकडे वहिनीच्या घशाखाली घास उतरायचा.

दिवस भरले. उन्हं दारात आली तरी ढगी नुसती कण्हत होती. कोकराचा एक खूर दिसत होता, डोकं अडकलेलं. दिराचा पंजा मोठा, आत जाईना. मग वहिनीनं हाताला तेल चोपडलं, आत घालून दुसरा पाय सरळ केला, आणि कळेबरोबर ओढ घेत राहिली. कोकरू आलं ते थोराड, निपचित. तिनं नाक पुसलं, गवतानं अंग चोळचोळ चोळलं, तेव्हा कुठं ते शिंकलं. ढगीनं मान उचलायला फार वेळ लावला.

वहिनीचा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला. कणा बोटाला लागेचना, नुसती चरबी.

"मायेनं मारत होते हिला," ती म्हणाली.

दीर हात धूत होता. "वहिनी, तुम्ही लेकीकडे जा. तिच्या वाटचं मेंढीला चारून तिचं पोट भरायचं नाही."

"आणि इथलं?"

"मी बघतो. माझ्या हाताला माया कमी, मेंढ्यांना मानवेल."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. दुपारभर तिनं त्याला एकेक पाठ चाचपायला लावली. तो कणीक तिंबावी तसा दाबायचा, मग ती म्हणायची, भाऊजी, चाचपायचं, चेपायचं नाही.

संध्याकाळी तिनं फोन लावला. येतेय, म्हणाली, सांग, काय काय करून आणू?

 लेक म्हणाली, "काही आणू नकोस. तू समोर बसून वाढ."