बोटाची साक्ष

मी शिवणकाम करते. माझी कात्री थांबली तरी तोंड थांबत नाही, असं नवरा म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. साथीच्या त्या दिवसांत तर माझ्या शहाणपणाला ऊतच आला होता. नवरा पुलाच्या कामावर परगावी अडकलेला. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. दिवसभर मशीनवर मास्क शिवायचे आणि फोनवर लोकांना अक्कल शिकवायची, एवढे दोनच उद्योग.

सासूबाईंच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, एक गाठ आली होती. वाटाण्याएवढी, तपकिरी, वर खपली धरलेली. मधूनमधून त्यातून पाणी यायचं आणि गाऊनला डाग पडायचा. त्यांचा हात तिथे पोहोचत नव्हता, म्हणून त्या मला बघायला सांगायच्या. मी दारातूनच बघायची आणि म्हणायची, उष्णतेचं असेल. खरं सांगायचं तर मला किळस यायची.

कातडीच्या डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद ठेवून फोनवर पेशंट बघायला सुरुवात केली होती. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. हात न लावता कसलं आलंय तपासणं, त्यापेक्षा दवाखाना उघडेपर्यंत थांबते, म्हणाल्या. मग काय, मला विषयच मिळाला. जग कुठे चाललंय, दवाखान्यात जाऊन ते दुखणं घरी आणायचं का, फोनवर सगळं स्वच्छ दिसतं, असं मी अर्धा तास ऐकवलं. शेवटी त्या म्हणाल्या, बाई, लाव तुझा फोन.

खिडकीशी स्टूल ठेवून त्यांना उजेडाकडे पाठ करून बसवलं. डॉक्टरबाई पडद्यावर आल्या त्या दमलेल्याच. सकाळपासूनचा हा कितवा तरी पेशंट होता. त्यांनी गाठ जवळून दाखवायला सांगितली, मग लांबून, मग पुन्हा जवळून. फोनवर बघणं त्यांनाही धड पटलेलं दिसत नव्हतं. रंग दिसतो, पण गाठ कळत नाही, म्हणाल्या.

"माझं निम्मं काम बोटांचं असतं. आज ते तुम्ही करायचंय. हात धुऊन या, दोन बोटांनी दाबा आणि मला सांगा, कडक लागते की मऊ. कातडीखाली सरकते की तळाशी चिकटलेली आहे."

मी हात धुतले. डाव्या हातात फोन धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं पुढे नेली. पडद्यावर डॉक्टरबाईंना माझी बोटं दिसत होती, त्यांच्याआड गाठ झाकलेली. तेवढ्यात खपलीच्या कडेला पाणी चमकलं. माझी बोटं जागच्या जागी थांबली. मधे एका दोऱ्याएवढं अंतर असेल.

"मऊ आहे," मी म्हणाले.

"सरकते?"

"हो, सरकते."

बरं, आवाजही कसा ठाम! डोळे मिटून बोटांनी कापड ओळखणारी मी, माझ्यावर कोण अविश्वास दाखवणार? डॉक्टरबाईंना हायसं वाटलेलं दिसलं. कडक असती तर आजच बोलावलं असतं, म्हणाल्या. मलम लिहून दिलं, महिन्याने फोटो पाठवा म्हणाल्या, आणि वर माझं कौतुक केलं की नीट पाहिलंत ते बरं झालं. सासूबाईंनी गाऊन खांद्यावर ओढून घेतला.

परत फोन करून खरं सांगावं, असं त्या संध्याकाळी मनात आलं होतं. उद्या करू म्हटलं. उद्याचा परवा झाला. मलम मी कापसाच्या काडीने लावत होते. महिन्याने फोटो पाठवायचा तो मी टाळला, कारण गाठ वाढलेली मला दिसत होती. दोन महिन्यांनी पाठवला तेव्हा डॉक्टरबाईंचा लगेच निरोप आला, उद्या सकाळी घेऊन या.

दवाखान्यात खुर्च्या लांब लांब मांडलेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी हातमोजे घातले आणि गाठ दोन बोटांत धरली. धरल्यावर त्यांचा हात थांबला. परत दाबून पाहिली, मग काख तपासली. मग माझ्याकडे वळल्या.

"ही तर दगडासारखी आहे, आणि खाली चिकटलेली. तुम्ही मऊ म्हणाला होतात ना?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याऐवजी सासूबाई बोलल्या.

"तेव्हा मऊच होती हो. तिने चांगलं दोनदा दाबून पाहिलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना कळलं होतं. पाठीला बोट लागलं की नाही हे माणसाला कळणार नाही, असं मला वाटलं तरी कसं? दोन महिने कळत होतं आणि त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

डॉक्टरबाई लिहायला बसल्या. सर्जनला चिठ्ठी. लिहितालिहिता सांगत होत्या, दोन महिन्यांत मऊची इतकी कडक झाली म्हणजे फार वेगाने वाढणारी दिसते. तुकडा तपासायला पाठवू, पण मोठ्या ऑपरेशनची तयारी ठेवा, काखेतल्याही गाठी काढाव्या लागतील. म्हणजे माझं खोटं आता कागदावर उतरत होतं, आणि त्या कागदावरून म्हातारीचं अंग कापणार होते. सासूबाई मान डोलावत ऐकत होत्या. माझी अब्रू राखायला त्या काखही कापून द्यायला तयार होत्या.

"मी हात लावलाच नव्हता," मी म्हणाले. "मला किळस आली. कडक होती की मऊ, मला माहीतच नाही."

पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली नवीन लिहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. गाठीबद्दल शंका होती तर तेव्हाच बोलवायला हवं होतं, दुसऱ्याच्या बोटावर सोडायला नको होतं. त्यांच्या या बोलण्याने मला आणखीच लाज वाटली.

कॅन्सरच निघाला, पण वाटला होता तितका वेगाने वाढणारा नव्हता. आजूबाजूची कातडी घेऊन गाठ काढली, काखेला हात लावावा लागला नाही. तेव्हाच काढली असती तर बोटभर व्रण राहिला असता. आता तळहाताएवढी जखम आहे, अजून पूर्ण भरलेली नाही, आणि उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. त्यांची वेणी मी घालते.

त्या दिवशी दवाखान्यातून येताना मी त्यांना विचारलं होतं, आई, तुम्ही खोटं का बोललात? त्या म्हणाल्या, चार लोकांत तुझी मान खाली जायला नको म्हणून. बस्स, एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मला एकदाही टोमणा मारला नाही. मी त्यांच्या जागी असते तर जन्मभर ऐकवलं असतं.

जखमेची पट्टी रोज मीच बदलते, साबणाने धुतलेल्या उघड्या हातांनी. त्या पाठ करून बसतात, गाऊन खाली सरकवतात. आणि रोज, अगदी रोज, माझा हात लागायच्या आधी हळूच म्हणतात, "मोजे घाल गं, किळस येईल तुला."