डॉक्टरांचा पाचवा टायर

“अण्णा, ह्याला तेल लावत होतासा काय?” हणमंतानं टायरवर अंगठा दाबून विचारलं. तो उणकल गावचा टायरवाला, डॉक्टरांच्या नवनगरच्या बंगल्यावर मुद्दाम बोलावलेला.

“खोबरेल,” नागोजी हौसेनं म्हणाला. “दर खंडेनवमीला. पूजा झाली की माझ्या हातानं चोळतो. चमक बघ की कशी हाय!”

चमक होतीच. पण हणमंतानं नख लावलं आणि काळ्या रबराचा पापुद्रा सायीसारखा सुटून आला.

“अय्यो! रबराला तेल म्हंजे इखच की हो. आतनं पार गेलाय ह्यो. हवा भरली तर फुटंल.”

नागोजीनं तो सुटलेला पापुद्रा पुन्हा जागेवर दाबून बघितला.

डॉक्टर वेंकटेशांनी अमेरिकेहून परतताना आणलेली ती तांबडी मस्टँग गाडी, आणि नागोजी तिचा ड्रायव्हर. मूळचे चार टायर झिजल्यावर मिळतील ते चढवले, तेव्हा गाडी धोतरावर बूट घातलेल्या माणसासारखी दिसू लागली. डॉक्टर पोट धरून हसायचे आणि डिकीतल्या स्टेपनीवर थाप मारायचे. पांढऱ्या रेघेचा तो पाचवा टायर रस्त्याला कधी लागलाच नव्हता. शेवटच्या आजारात ते म्हणाले होते, “नागोजी, हा राखून ठेव. मी उठलो की ह्याच्यावर एक चक्कर मारू.”

डॉक्टर काही उठले नाहीत. गाडी विटांवर गेली. दुपारी शेडमध्ये डोळा लागला की नागोजीला ती चक्कर दिसायची. धारवाडचा मोकळा रस्ता, शेजारी डॉक्टर, इंजिनाचा आवाजच नाही, नुसती पांढरी रेघ गरगर फिरतेय. स्वप्नात कुठं पोचायची घाई नसे. जाग आली की मात्र त्याला रडू यायचं.

आता इतक्या वर्षांनी डॉक्टरांच्या लेकीनं, श्रीलक्ष्मीनं, गाडीचं इंजिन दुरुस्त करून घेतलं होतं आणि जुन्याच साच्यातले चार नवे टायर अमेरिकेहून मागवले होते. त्यातला एक स्टेपनीला, आणि चौथ्या चाकाला वडिलांचा टायर, असं ठरलं होतं. म्हणून तर नागोजी सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बसला होता.

“अक्का, मीच मारला की हो त्याला,” तो म्हणाला.

श्रीलक्ष्मीनं टायरवर हात फिरवला. तळवा तेलकट झाला. तिचे डोळे भरून आले.

“अण्णा, अप्पांची एक वस्तू तुमच्याशिवाय एवढ्या मायेनं कुणी जपली? मला तर गाडीकडं बघवत पण नव्हतं.” मग ती हणमंताकडं वळली. “चौथा पण नवाच चढवा.”

“आणि ह्यो? टाकून देऊ?”

“नको. डिकीत, त्याच्या जागेवर ठेवा.” तिनं किल्ली नागोजीच्या हातात दिली.

गाडी धारवाडच्या रस्त्याला लागली. नव्या टायरांवर ती पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. नागोजीनं एकदा शेजारी बघितलं. डॉक्टरांच्या जागेवर त्यांची लेक बसली होती.

“अण्णा, जरा जोरात घ्या की!”

“घेतो, अक्का.”

पण खड्डा दिसला की तो गाडी अगदी हळू करत होता. डिकीतल्या टायरला धक्का लागू नये म्हणून.