सुट्या तासांचा महिना

"महिनाभर? मग घर कोण बघणार?" ताटावरून मान वर न करताच नवऱ्याने विचारलं.

रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं काम करत होती. तिथे नवं यंत्र येणार होतं. ते चालवायला शिकायचं तर महिनाभर दुसऱ्या शहरात राहावं लागणार होतं, आणि परत आल्यावर अख्खा विभाग तिच्या हाती येणार होता. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना उद्या उत्तर हवं होतं.

"दुसरं कोणी नाही का जायला?" बाहेरच्या खोलीतून सासरे म्हणाले. ते मघाशीच जेवून उठले होते. नवरा आत्ता बसला होता. मुलगा व्यायामशाळेतून उशिरा येणार. प्रत्येकाला जेवण वाफाळतं हवं! म्हणजे तीनदा शेगडी पेटवायची, तीनदा वाढायचं, मधे ओटा पुसत ताटकळायचं आणि शेवटी उरलंसुरलं आपण खायचं.

तिची मोठी नणंद दोन दिवसांसाठी आली होती. बसच्या आगारात ती चालकांच्या पाळ्या लावायची. तोंडाची फटकळ, मनाची स्वच्छ.

"अगं, या ताटकळण्यात रोज किती वेळ जातो तुझा?"

"दोनेक तास जातात, वन्सं."

नवरा हसला. "ताई, दोन तासांचं काय घेऊन बसलीस? सगळ्याच बायका करतात."

"तास म्हटलं की किरकोळच वाटतं रे! आमचे चालकही म्हणतात, रोज तासभर जास्तच होतो, जाऊ दे. मी म्हणते, जाऊ कसं द्यायचं? आधी त्याचे दिवस करून बघा! तूही कर गं."

तिने मनातल्या मनात मांडलं. रोजचे दोन, वर्षाचे सातशे तीस. त्याला चोवीसने भागलं, आणि हातातलं फडकं जागीच थांबलं.

"तीस दिवस," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "रात्रीसकट तीस दिवस! दरवर्षी एक महिना मी नुसती तुमची ताटं गरम करत उभी असते. लग्नाला वीस वर्षं झाली. वीस महिने!"

"घरात असा हिशेब मांडतात का?" सासरे दारात आले. "घरचं प्रेमाने करायचं असतं."

"प्रेमाने एकदा वाढेन, बाबा. तीनदा वाढते ती तुम्हाला एकत्र बसायचा कंटाळा आहे म्हणून!"

या घरात तिने असं उत्तर कधी दिलं नव्हतं. पण आता ती मागे हटली नाही.

"म्हणजे तू जाणारच?" नवऱ्याने विचारलं.

"जाणार. विचारत नाही, सांगतेय."

"ताई, तू आग लावलीस!" नवरा बहिणीवर उखडला.

"मी आग लावली, तू आता शेगडी लावायला शिक."

तिने आपलं ताट वाढून घेतलं आणि गरम गरम जेवली. मुलगा आला आणि सवयीने पाटावर बसला. "आई, ताट?"

"पातेलं ओट्यावर आहे आणि हात तुझ्याकडे आहेत."

ती गेली. पहिले काही दिवस नवऱ्याने हट्टाने तिघांची तीन जेवणं सांभाळली. पातेलं करपलं, बोट भाजलं, पोटऱ्या भरून आल्या. शेवटी त्यानेच फर्मान काढलं, "आजपासून सगळे एकत्र. जो चुकेल त्याने आपलं आपण गरम करावं!" सासरे कुरकुरले, पण नातवाशी गप्पा होतात म्हटल्यावर थांबू लागले.

त्याने तिला फोन केला. "मला वाटायचं, तुला आवडतं ते सगळं."

"विचारलंस कधी?"

"नाही. चुकलंच माझं."

"नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही. मी आल्यावरही हेच चालणार!"

"चालणार," तो म्हणाला, "तू उभी राहिलीस तरी मीच बसवीन."

परत येऊन तिने ज्या दिवशी विभाग हाती घेतला, त्या संध्याकाळी चौघं एकत्र जेवली.

मंडळी, तास सुटे सुटे जातात म्हणून कुणाला दिसत नाहीत. त्यांचे दिवस करा, दिवसांचे महिने करा, मग कळेल कुणाचं आयुष्य कोण खातंय. आपण दुसऱ्याचं खात असू, तर आजच थांबूया. आणि आपलंच जात असेल, तर कुणी परत देईल म्हणून वाट बघू नका. आपला वेळ आपण घ्यायचा!